पहिला अंक, मग एकदम अठ्ठ्याऐंशीवा

दहा वर्षांचं एक कार्टं कॉमिकवाल्यांच्या मेळाव्यात शिरतं आणि एक अंक बघून जागच्या जागी थिजतं. 'रेडिओअ‍ॅक्टिव्ह मॅन', अंक पहिला. किंमत शंभर डॉलर. पैसे पुरत नाहीत म्हणून पोरगा एका म्हातारीच्या घरी राब राब राबतो, आणि ती त्याच्या हातावर पन्नास सेंट टेकवते. शेवटी तो आणि त्याच्यासारखीच आणखी दोन पोरं वर्गणी काढून अंक विकत घेतात. अंक एक, मालक तीन. आता रात्री तो कोणी घरी न्यायचा?

कोणीच न्यायचा नाही, असं ठरतं. तिघंही झाडावरच्या खोपटात अंकाशेजारी झोपतात. म्हणजे झोपत नाहीत, एकमेकांवर पहारा देतात. मध्यरात्रीपर्यंत एकाला दोरीने बांधलेलं असतं आणि दुसरा खोपटाबाहेर लोंबकळत असतो. बाहेर वादळ सुटलेलं. अंक वाऱ्यावर उडून जातो आणि उरल्यासुरल्यावर वीज कोसळते.

ही 'द सिम्प्सन्स' या अमेरिकन कार्टून मालिकेच्या दुसऱ्या हंगामातली गोष्ट, फॉक्स वाहिनीवर ९ मे १९९१ ला दाखवलेली. पोरगा अर्थात बार्ट सिम्प्सन, सोबत मिलहाउस आणि मार्टिन. भाग लिहिला जेफ मार्टिनने, दिग्दर्शन वेस आर्चरचं. सोन्याच्या लोभापायी एकमेकांच्या जिवावर उठणाऱ्या माणसांचा एक जुना हॉलिवूडपट त्यांनी तीन पोरांवर आणि एका कॉमिकवर उतरवला होता. दुकानातला तो जाडजूड, खवचट 'कॉमिक बुक गाय' पहिल्यांदा दिसला तोही याच भागात.

त्यानंतर अडीच वर्षांनी, १९९३ च्या अखेरीस, जो अंक वीज पडून जळाला होता तोच खरोखरच्या दुकानांत विक्रीला आला. 'रेडिओअ‍ॅक्टिव्ह मॅन', अंक पहिला. किंमत तीन डॉलरच्या आत. हे प्रकरण त्या अंकाचं.

माझ्याकडची प्रत अमेरिकेतल्या मावसभावाने आणली. मी नाव लिहून पाठवलं होतं, तो न्यू जर्सीतल्या एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात गेला आणि घेऊन आला. अंक प्लास्टिकच्या पिशवीत, मागे पांढरा पुठ्ठा, पिशवीचं तोंड चिकटपट्टीने बंद. चिकटपट्टी पिवळी पडून कडक झाली होती, म्हणजे पिशवी कधी उघडलेलीच नव्हती. वर किमतीच्या तीन चिठ्ठ्या, एकीवर एक. नखाने सोलून बघितल्या तर सगळ्यात खालची सहा डॉलरची, मधली चारची, वरची दोनची. कुणीतरी हा अंक वाचण्यासाठी नव्हे, भाव चढेल म्हणून घेतला होता आणि भाव उतरत गेला होता. या चिठ्ठ्यांकडे आपल्याला परत यायचं आहे.

आधी बनवणाऱ्यांची अडचण बघू.

सिम्प्सन्सचा जनक मॅट ग्रेनिंग हा मुळात वर्तमानपत्री चित्रपट्टीवाला. त्याच्या 'लाइफ इन हेल' या चित्रपट्टीत बोंगो नावाचा एका कानाचा ससा होता. त्याच्याच नावाने १९९३ मध्ये 'बोंगो कॉमिक्स' उभी राहिली. सोबत स्टीव्ह व्हॅन्स, सिंडी व्हॅन्स आणि बिल मॉरिसन. सुरुवातीलाच चार मालिका आल्या: सिम्प्सन कुटुंबाची, बार्टच्या 'बार्टमॅन' या अवताराची, इची आणि स्क्रॅची या रक्तपिपासू मांजर-उंदराच्या जोडीची, आणि रेडिओअ‍ॅक्टिव्ह मॅनची.

टीव्हीवरचं धुमाकूळ घालणारं कार्टून कागदावर आणताना पहिला मार बसतो तो वेळेला. बार्टच्या बापाच्या, होमरच्या, डोक्यात काहीतरी आदळतं, अर्धा सेकंद काहीच होत नाही, मग तो 'डो!' म्हणतो. हसू येतं ते त्या अर्ध्या सेकंदात. कागदावर तो अर्धा सेकंद आणणार कुठून? चौकटीनंतर चौकट येते, आणि मधल्या पांढऱ्या पट्टीत किती थांबायचं हे वाचणारा ठरवतो. आवाज तर नाहीच. होमरला आवाज देणाऱ्या डॅन कॅस्टेलानेटाच्या गळ्यातून आलेला 'डो' आणि फुग्यात छापलेला 'डो' यात ताज्या भजीत आणि भजीच्या फोटोत असतो तेवढा फरक. इची-स्क्रॅचीची गत त्याहून वाईट, कारण त्यांचा सगळा विनोद वेगाचा. उंदराने सुरा उगारलेला आहे असं स्थिर चित्र विनोदी नसतं, नुसतं भीषण असतं.

एकाच पात्राला हा मार बसत नव्हता. रेडिओअ‍ॅक्टिव्ह मॅन टीव्हीवर दिसला होता तो तुकड्यातुकड्यांनी: एखादं मुखपृष्ठ, एखादी चौकट, बार्टच्या हातातलं एखादं पान. त्याचा आवाज लोकांच्या कानात बसलेला नव्हता, चालण्याची ढब डोळ्यांत नव्हती. तो कागदावरच जन्मलेला, फक्त तो कागद अजून कुणी छापला नव्हता.

आणि कागदाला जे जमतं ते पडद्याला जमत नाही. पान हातात धरून कितीही वेळ बघता येतं. मालिकेच्या लेखकांना हे चांगलं ठाऊक होतं. व्हिडिओ कॅसेटवर भाग टेप करून चित्र थांबवणाऱ्या प्रेक्षकांसाठी ते दुकानांच्या पाट्यांत, वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत बारीक विनोद पेरून ठेवत. कॉमिक म्हणजे सगळंच थांबवलेलं चित्र. ही सवय इथे फुकटात कामी येणार होती.

तरीही सोपी वाट मोकळी होतीच. बार्ट अंथरुणात लोळत कॉमिक वाचतोय, मधूनमधून मिलहाउसशी बोलतोय आणि आपण त्याच्या खांद्यावरून डोकावतोय. विक्रीसाठीही हेच सोयीचं, कारण मुखपृष्ठावर बार्ट आला की अंक खपणार. बोंगोवाल्यांनी ही वाट सोडली. गोष्ट क्लॉड केनची, म्हणजे खुद्द रेडिओअ‍ॅक्टिव्ह मॅनची आहे, बार्टची नाही. अंक सरळ चेहऱ्याने सांगतो की मी नोव्हेंबर १९५२ चा आहे.

हा महिना निवडताना त्यांनी इतिहास चाळला होता की हात आपोआप तिथे गेला, कोण जाणे. पण १ नोव्हेंबर १९५२ ला अमेरिकेने पॅसिफिक महासागरातल्या एनेवेटाक बेटांवर पहिला हायड्रोजन बॉम्ब फोडला. नेवाडाच्या वाळवंटात जवळजवळ दोन वर्षांपूर्वीच अणुचाचण्या सुरू झाल्या होत्या. शाळेतली मुलं बाकाखाली दडायचा सराव करत होती, आणि त्यांना तो सराव शिकवायला एका कासवाचा बोधपट दाखवला जात होता. कोरियात लढाई चालू होती, देशात सिनेटर मॅकार्थी महाशय घराघरात कम्युनिस्ट शोधत होते. अशा वेळी एक श्रीमंत, बिनकामाचा तरुण बॉम्बच्या मैदानात काटेरी तारेला विजार अडकून लटकतो, बॉम्ब फुटतो, आणि तो मरायच्या ऐवजी महाबली होतो. टीव्हीच्या त्या भागात त्याचा जन्म असाच सांगितला होता. कॉमिकने त्यात एका गोष्टीची भर घातली: स्फोटात विजेच्या आकाराचा धातूचा एक तुकडा येऊन त्याच्या डोक्यात रुततो आणि कायमचा तिथेच राहतो.

हा तुकडा मला सगळ्या अंकातली सगळ्यात अस्सल कल्पना वाटते. सुपरमॅन चष्मा घालतो आणि जग त्याला ओळखत नाही, ही थाप आपण सगळ्यांनी लहानपणापासून मुकाट्याने पचवली आहे. इथे डोक्यातून हातभर पत्रा वर आला आहे. मग क्लॉड केन म्हणून वावरताना हा गडी करतो काय? टोपी घालतो. एक नव्हे, प्रसंगाप्रमाणे नवी. जिथे कुणी टोपी घालून जाणार नाही तिथेही टोपी, पत्रा झाकेल एवढी उंच. कुणाला संशय येत नाही. चष्म्याच्या थापेवर एका शब्दाचंही भाष्य नाही, फक्त थाप वितभर लांब केलेली आहे. आणि हा विनोद कागदाचाच आहे. पडद्यावर टोपी एकदा दिसून गेली असती. पानावर ती प्रत्येक चौकटीत बसून असते आणि आपण परत मागे जाऊन आधीची टोपी कोणती होती ते बघतो.

१९५२ निवडण्यात आणखी एक खोच आहे, ती कॉमिकच्या इतिहासाची. त्या काळात महाबलींचा धंदा जवळजवळ बसला होता. दुसऱ्या महायुद्धात खपलेले मुखवटेवाले नायक एकामागून एक बंद पडले. सुपरमॅन, बॅटमॅन, वंडर वुमन एवढे तग धरून होते. खपत होत्या त्या खुनाच्या, भुतांच्या, प्रेताबितांच्या कथा. फ्रेड्रिक वेर्थम या मनोविकारतज्ज्ञाचं कॉमिकविरोधी पुस्तक, सिनेट समितीपुढच्या सुनावण्या आणि प्रकाशकांनी घाबरून स्वतःवरच लादून घेतलेली आचारसंहिता, हे सगळं १९५४ चं. 'फ्लॅश'च्या रूपाने महाबली परत उभे राहिले ते १९५६ ला. म्हणजे १९५२ मध्ये नवा महाबली बाजारात आणणारा प्रकाशक एक तर वेडा असणार किंवा उशिरा जागा झालेला. बोंगोने आपल्या कल्पित प्रकाशकाला बरोबर त्याच खड्ड्यात उभं केलं. हे ज्याला माहीत आहे तो मनात हसतो. ज्याला माहीत नाही त्याचं काही अडत नाही, पण त्याच्या हाती उरतं फार कमी, आणि हा या अंकाचा दोषच म्हणायचा. १९९३ मध्ये बार्टच्या वयाच्या पोराने हा अंक उघडला असेल तर चाळीस वर्षांपूर्वीच्या छपाईची, जाहिरातींची, बढाईखोर मजकुराची नक्कल त्याला नुसतीच जुनाट वाटली असेल. विनोद त्याच्या बापासाठी होता.

नायकाच्या राजकारणाबद्दल थोडक्यात: रेडिओअ‍ॅक्टिव्ह मॅन कडवा कम्युनिस्टद्वेष्टा, जुन्या वळणाचा, सरकार सांगेल ते प्रमाण मानणारा. पुढे काळ बदलला तरी हा बदलत नाही, आणि मालिकेतली बरीचशी गंमत त्या हट्टातून निघते. याच नावाचा एक खलनायक मार्व्हलकडे १९६३ पासून होता, थॉरशी लढणारा, चिनी. नाव एकच असूनही दोघांची गल्लत होत नाही, कारण बोंगोचा हा भिडू खलनायकांपेक्षा स्वतःच्या टोपीशी जास्त झगडतो.

आता त्या तीन चिठ्ठ्या.

१९९३ साली अमेरिकेत कॉमिक विकत घेणाऱ्यांतले पुष्कळजण वाचक नव्हते, सटोडिये होते. कारण साधं. १९३८ मध्ये दहा सेंटला मिळालेला, सुपरमॅनच्या पहिल्या गोष्टीचा अंक हजारो डॉलरना विकला जातो, अशा बातम्या येत होत्या. (तो भाव पुढेही चढतच गेला, २०२४ मध्ये एका प्रतीला साठ लाख डॉलर मिळाले.) लोकांनी त्यातून एकच धडा घेतला: पहिला अंक घ्या, जपून ठेवा, पोराच्या कॉलेजचा खर्च निघेल. १९९१ मध्ये 'एक्स-मेन'च्या नव्या पहिल्या अंकाच्या ऐंशी लाखांहून जास्त प्रती दुकानांनी उचलल्या. १९९२ च्या नोव्हेंबरात सुपरमॅन मेला तो अंक काळ्या बंद पिशवीत आला, आत शोक पाळण्यासाठी काळी पट्टी. लोक दोन-दोन, पाच-पाच घेत होते. एक फोडायला, बाकीचे ठेवायला.

जुना अंक महाग का झाला होता, याचा विचार कुणी केला नाही. तो महाग झाला कारण तो कुणी ठेवलाच नव्हता. पोरांनी वाचला, पाठीमागच्या खिशात दुमडला, आयांनी फेकला, युद्धात कागदाच्या मोहिमेत लगदा झाला. दोन लाखांच्या आसपास छापलेल्यांपैकी शंभरेक प्रती उरल्या. आपल्याकडे हेच काम रद्दीवाल्याने केलं. इंद्रजाल कॉमिक्स १९६४ ला सुरू झाली, मराठीतही निघायची, १९९० ला बंद पडली. आज जुन्या अंकांना शौकीन लोक मागाल ते पैसे देतात. माझ्या थोरल्या भावाचा गठ्ठा एका दिवाळीच्या आवराआवरीत किलोवर गेला. आई अजून म्हणते, 'वजन बरोबर केलं होतं हो त्याने.' ज्या लाखो घरांत अशा आया होत्या त्यांच्यामुळेच उरलेल्या अंकांना किंमत आली. १९९३ मध्ये अमेरिकेत मात्र प्रत्येकजण अंक पुठ्ठा लावून पिशवीत ठेवत होता. ऐंशी लाख प्रती, आणि ऐंशी लाखही कोऱ्या करकरीत. भाव चढणार कसा?

यात दुकानदार भरडला गेला. रेल्वे स्टेशनच्या स्टॉलवर उरलेली मासिकं परत जातात तशी सोय कॉमिकच्या दुकानांना नव्हती. सवलत जास्त, पण माल परत नाही, या बोलीवर ते अंक मागवत. दोन महिने आधी अंदाज बांधायचा, आणि चुकला तर गठ्ठे मागच्या खोलीत. सट्टा ओसरू लागला तशी हजारो दुकानं बंद पडली. १९९६ च्या डिसेंबरात खुद्द मार्व्हलने दिवाळखोरीचा अर्ज केला.

याच बाजारात बोंगोने 'अंक पहिला' आणला, आणि नुसता पहिला नव्हे, अंधारात चमकणारा. तेव्हा मुखपृष्ठांवर चंदेरी पत्रा, उठावाची छपाई, भोकं पाडलेली चित्रं, काय वाटेल ते चाललं होतं. चमकणारं मुखपृष्ठही नवं नव्हतं, मार्व्हलच्या 'घोस्ट रायडर'ने १९९१ मध्ये ते केलं होतं. पण तिथे चमक ही चमक होती. इथे नायकच किरणोत्सर्गी, म्हणून मुखपृष्ठ चमकतं. बाजाराची खोड गोष्टीत मुरवली की ती खोड राहत नाही, विनोद होतो. होतो का? मी यावर बराच घोटाळलो. बोंगोवाले सटोडियांची टर उडवत होते आणि त्याच वेळी त्यांच्याच खिशात हात घालत होते. बार्टच्या भागात पहिल्या अंकाच्या हव्यासाने तीन मित्रांची वाट लागते, आणि त्याच भागाच्या जिवावर निघालेला अंक हव्यास असलेल्यांना विकला जातो. मला यात ढोंग दिसत नाही, पण भोळेपणाही दिसत नाही. त्यांना गिऱ्हाईक कोण आहे ते ठाऊक होतं.

चिकटपट्टी कापून मी अंक बाहेर काढला. मुखपृष्ठ ट्यूबलाइटखाली पाच मिनिटं धरलं आणि दिवा घालवला. आधी काहीच नाही. डोळे सरावल्यावर फिकट हिरवट उजेड, देव्हाऱ्याशेजारी ठेवतात त्या रेडियमच्या गणपतीसारखा. (रेडियम त्याच्यातही नसतं आणि याच्यातही नाही, प्रकाश पिऊन सावकाश सोडणारी भुकटी असते, झिंक सल्फाइडच्या जातीची. किरणोत्सर्गाशी तिचा काही संबंध नाही.) मिनिटाभरात ओसरायला लागला. मग सहज म्हणून अंक परत पिशवीत घालून तोच खेळ केला. पिशवीतूनही तेवढाच चमकतो. म्हणजे मुखपृष्ठाचा सगळा आनंद अंक न उघडता घेता येत होता, आणि चमकत असतो तेव्हा आतलं एक अक्षर दिसत नाही. न वाचणाऱ्या गिऱ्हाइकासाठी याहून नेमकी वस्तू बनवणं अवघड.

पण बोंगोवाल्यांचा खरा डाव मुखपृष्ठात नव्हता. तो पुढच्या अंकाच्या क्रमांकात होता.

पहिल्या अंकानंतर दुसरा आला नाही. अठ्ठ्याऐंशीवा आला, मे १९६२ चा. मग २१६, ऑगस्ट १९७२. मग ४१२, ऑक्टोबर १९८०. मग ६७९, जानेवारी १९८६. मग थेट १०००, जानेवारी १९९५. एकूण सहा अंक, आणि मालिका संपली. मधले नऊशे चौऱ्याण्णव कधी छापलेच नाहीत.

जमवणाऱ्याला छळणारी गोष्ट म्हणजे भोक. शंभरातला एक अंक नसेल तर नव्व्याण्णव डोळ्यांपुढे येत नाहीत. इथे भोकं हीच मालिका आहे. सहा अंक घेतलेत तर संच पूर्ण, आणि तरीही क्रमांकांकडे बघितलं की वाटतं आपल्याकडे काहीच नाही. क्रमांकांची गंमत आपल्याकडेही झालेली आहे. अनंत पैंच्या अमर चित्र कथेत 'कृष्ण' सगळ्यांना पहिला म्हणून माहीत, पण त्यावर क्रमांक अकरा. आधीचे दहा परदेशी परीकथांचे होते. तिथे भोक धंद्याच्या ओघात पडलं. इथे ते मोजून पाडलं आहे.

मोजून म्हणतो, कारण मी वहीत हिशेब मांडला. पहिल्यापासून अठ्ठ्याऐंशीव्यापर्यंत ११४ महिने आणि ८७ अंक: महिन्याला एकही नाही, चार महिन्यांत साधारण तीन. त्यानंतर १९७२ पर्यंत १२३ महिने, १२८ अंक: मासिक. १९८० पर्यंत ९८ महिने, १९६ अंक: महिन्याला बरोबर दोन. १९८६ पर्यंत ६३ महिन्यांत २६७, म्हणजे आठवड्याला एक! शेवटच्या टप्प्यात १०८ महिन्यांत ३२१, महिन्याला तीन. काटेकोर आखणी होती की आकडे सुचतील तसे टाकले, हे बनवणाऱ्यांनाच ठाऊक. पण त्या आकड्यांतून एका कधीच नसलेल्या प्रकाशकाची जन्मकुंडली निघते: रखडत सुरुवात, मग जम, मग हाव, मग धाप. खऱ्या 'अ‍ॅक्शन कॉमिक्स'नेही, म्हणजे सुपरमॅनच्या मासिकाने, १९८८ मध्ये काही काळ साप्ताहिक होऊन बघितलं होतं आणि ते झेपलं नव्हतं.

पुढच्या पाच अंकांबद्दल मी भराभर सांगतो. प्रत्येक अंक आपापल्या काळाच्या कॉमिकची नक्कल. २१६ मध्ये सत्तरच्या दशकातलं सामाजिक भान अंगात आलेले नायक. ४१२ मध्ये 'एक्स-मेन'मधल्या फीनिक्सच्या त्या गाजलेल्या मरणाची छाया. ते मरण खरोखरच १९८० चं. ६७९ चं तर शीर्षकच असं की त्या सुमाराच्या पाच-सहा गाजलेल्या मालिकांची नावं एका गाडीत कोंबलेली. आणि १००० मध्ये सगळेच दात-ओठ खाणारे, स्नायूंवर स्नायू चढलेले, खांद्यावर तोफा वाहणारे, १९९२ नंतरच्या 'इमेज' प्रकाशनाच्या धाटणीचे. क्रमाने वाचले तर हा कॉमिकचा चाळीस वर्षांचा इतिहास होतो, आणि तो वाचताना कुणी शिकवतंय असं वाटत नाही. माझ्या मते ६७९ सगळ्यात चलाख आणि २१६ सगळ्यात प्रेमळ, पण पायाभरणी पहिल्याची. त्याने सरळ चेहरा ठेवला नसता तर पुढच्या पाचांना वाकडं करायला काही उरलंच नसतं.

बोंगोचं पुढे बरं चाललं. 'सिम्प्सन्स कॉमिक्स' २४५ अंकांपर्यंत पोहोचली आणि २०१८ मध्ये थांबली. पंचवीस वर्षं, सट्ट्याच्या त्सुनामीतून वाचून. कारण उघड आहे: ती वाचणारे लोक होते. रेडिओअ‍ॅक्टिव्ह मॅन २००० नंतर पुन्हा काही अंकांत आला, तेव्हाही क्रमांक उड्या मारतच होते. पहिला अंक मात्र कुणाच्या पोराचं कॉलेज करू शकला नाही. तो आजही सहज मिळतो, बहुतेकदा पिशवीत, बहुतेकदा न वाचलेला.

झाडावरच्या खोपटाच्या त्या भागात सकाळ होते तेव्हा बार्ट म्हणतो की आपण एवढं राबलो आणि हाती काही उरलं नाही, का तर तिघांना मिळून एक वस्तू वापरता आली नाही. मिलहाउस विचारतो, मग तुला म्हणायचंय काय? बार्ट म्हणतो, काही नाही, जरा चीड आली एवढंच.

मी अंक वाचून झाल्यावर न्यू जर्सीला फोन केला आणि मावसभावाला म्हटलं, दादा, जमलं तर पुढचा पण बघ ना. तो शनिवारी पुन्हा त्याच दुकानात गेला. रात्री त्याचा आवाज तापलेला. 'अरे, तो माणूस म्हणतो दुसरा नाहीच. तिसरा पण नाही. अठ्ठ्याऐंशी घेऊन जा म्हणतो. मधले शहाऐंशी खपले म्हणे का काय, धड सांगत पण नाही, नुसता हसतोय. मी काही घेतला नाही. आपल्याला काय येडा समजतो का तो?'